निरोगी माणसाचा कुडा

राजूरच्या वरच्या वाडीचा चढ गोरक्षनाथ सर सातव्या वर्षी चढत होते. चढ तेवढाच होता; सर तेवढे राहिले नव्हते. श्रीरामपूरच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत, आणि कण्हेरीच्या कुळातल्या कुड्यावर त्यांची पीएच.डी. रखडली होती. हगवणीवर कुड्याची साल देतात, ती तिच्यातल्या कोनेसिन या कडू द्रव्यामुळे गुण देते, एवढंच दाखवायचं होतं. पहिल्या वर्षीच्या सालीत कोनेसिन भरपूर निघालं. पुढची पाच वर्षं, औषधालाही नाही. आता विद्यापीठाची शेवटची मुदत महिन्यावर आली होती. नमुना त्याच झाडाचा हवा, आणि ते झाड ठाऊक फक्त झुंबरबाईला. वाडीची औषधं तीच देई.

झुंबरबाई ओट्यावर नाचणी पाखडत होती.

"या मास्तर. घावलं का तुमचं औषीद?"

"आजी, तुमचं झाड बिघडलंय. पाच वर्षं सालीत काहीच सापडत नाही."

"कसं सापडंल? त्यो काळा कुडा हाय."

सर खाली बसले. बसायचं होतंच, पण एवढ्या जोरात नाही.

"आणि पहिल्यांदा दिलात तो?"

"त्यो पांढरा. कडूजहर. तवा तुमी तांब्या घिऊन चारदा पळाला हुता. मंग दर साली येता ते धडधाकट. धडधाकट मानसाला कडू कशाला? पर लांबून आलेला, रित्या हाती कसा धाडू?"

काळ्याची साल कडू नसते; चाखलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. पण प्रयोगशाळेत काहीही तोंडात घालू नये, ही पाटी सरांनीच लावली होती.

"मग आता पांढरा द्या."

"पोट बिघडलंय?"

"नाही, पण..."

"मंग न्हाई. बिनदुखन्याचा दिला की झाडाचा गुन जातो. पुढं पोराबाळांना लागू पडत न्हाई. तुमच्या एका डिगरीपायी समद्या वाडीनं तांब्या घिऊन बसायचं व्हय?"

हा आक्षेप मार्गदर्शकांनी सहा वर्षांत काढला नव्हता.

सर राजूरला उतरले. स्टँडसमोर पहिल्या वर्षीचीच भज्यांची गाडी होती, तेलही बहुधा तेव्हाचंच. सरांनी तीन प्लेट खाल्ल्या, उघड्या पिंपातलं पाणी प्याले आणि पोटावर हात ठेवून बाकावर बसले.

तासाभराने श्रीरामपूरची एसटी लागली.

"येताय का, सर?" कंडक्टरने विचारलं.

"नको. जरा गुरगुरतंय," सर म्हणाले. कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा थोडा उजळला होता.