कालचा शेवट

“मग, गेली का ती?” सासूबाईंनी विचारलं.

सुनेनं टॅबवरचं शेवटचं पान सरकवलं. “गेली.”

“नवरा आडवा नाही आला?”

“घरी नव्हता तो.”

सासूबाईंनी भिंतीकडे मान वळवली. त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग होता, कडेचं तेवढं दिसे. त्यामुळे कुणाकडे नीट बघायचं असलं की त्या तोंड फिरवत. नवख्या माणसाला वाटे, म्हातारी रागावली. सून नवखी नव्हती. तेरा वर्षं ती या दोन खोल्यांत होती. त्यातली सात वर्षं नवरा दुसऱ्या शहरात नोकरीला होता आणि महिन्यातून एकदा येऊन आईच्या गोळ्यांच्या पट्ट्या तपासून जात होता.

“बरं,” एवढंच म्हणून सासूबाईंनी डोळे मिटले. पुस्तक चांगलं की वाईट, यावर अक्षर नाही. असं कधी होत नसे.

सून सकाळी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असे आणि गिऱ्हाईक नसताना मोबाइलवर प्रेमकथा लिही. पुस्तकांच्या एका ॲपवर दुसऱ्याच नावानं तिची अकरा ई-पुस्तकं खपत होती. घरात कुणाला पत्ता नव्हता. दुपारी सासूबाईंना वाचून दाखवायला ती त्याच ॲपवरून पुस्तकं निवडी, आणि नवं काही लिहून झालं की विकत घेतलंय असं सांगून तेही मध्येच घुसवी. इतका कडक परीक्षक तिला दुसरा मिळाला नसता. नायक तिसऱ्या पानापर्यंत आला नाही तर सासूबाई घोरायला लागत. “हा नुसता डोळ्यांत बघत उभा राहतो. कामधंदा नाही का याला?” असं त्यांनी एकदा विचारलं, तेव्हा तिनं अख्खं प्रकरण उडवलं. तेच पुस्तक सगळ्यांत जास्त चाललं.

विकत घेण्याची तिची रीत ठरलेली होती. मुखपृष्ठावर जोडपं हवं, पुरुषाचा चेहरा मात्र अर्धाच दिसायला हवा. मग फुकटची पहिली दहा पानं वाचायची. मग वाचकांचे अभिप्राय, आणि त्यांत एकच गोष्ट शोधायची: शेवटी दोघं एकत्र येतात ना? एकदाच ती फसली होती. त्या पुस्तकातली बाई शेवटच्या पानावर एकटीच निघून गेली. रागानं तिनं एक तारा दिला आणि खाली लिहिलं, ‘शुद्ध फसवणूक. यासाठी वाचतो का आपण प्रेमकथा?’

आणि आता बाराव्या पुस्तकात तिनं स्वतः तेच केलं होतं. नायिका धुतलेली भांडी पालथी घालते, ओटा पुसते, किल्ली शेजारी देते आणि बसमध्ये खिडकीपाशी जाऊन बसते. ते लिहून झाल्यावर ती काउंटरची एकच काच इतका वेळ पुसत राहिली, की बरं नाही का म्हणून दुकानाच्या मालकांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ॲपच्या संपादकबाईंचा फोन आला. लिहिलंय सुंदर, त्या म्हणाल्या, पण नवरा बस-थांब्यावर येऊन हात धरतो एवढं करा, दोन पानांचं तर काम. पुस्तक उद्या विक्रीला लागायचं होतं, दुरुस्त्या आज सहापर्यंत करता येणार होत्या. ही बाई परतणारी नाही, असं तिनं दोन-तीनदा सांगून बघितलं.

“ताई, लेखिका म्हणून नका सांगू,” संपादकबाई म्हणाल्या. “वाचक म्हणून तुम्ही घ्याल का हे?”

तिच्या हातात भिंगांचं पाकीट होतं. नंबर न वाचताच तिनं ते खाली ठेवलं.

“नाही,” ती म्हणाली.

दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात तिनं नायिकेला बसमधून उतरवलं. नवऱ्याला धावत आणलं, ‘चुकलो’ म्हणायला लावलं आणि पान पाठवून दिलं. चार मिनिटांत संपादकबाईंचा अंगठा आला.

या खोलीत वाचल्याशिवाय तिचं काही बाहेर पडत नसे. त्या सवयीनं, शेवट काल घाईत वाचला गेला असं सांगून, दुपारी तिनं ती पानं सासूबाईंना वाचून दाखवली.

“काल गेली होती ती,” सासूबाई म्हणाल्या.

“काल तुम्हाला डुलकी लागली असेल, आई.”

“मला दिसत नाही. ऐकू येतं. किल्ली शेजारी देऊन गेली ती. विकतचं पुस्तक एका दिवसात कसं बदलतं?”

सुनेनं टॅब मांडीवर पालथा ठेवला. सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं, म्हणजे तिच्याकडे बघितलं.

“तुझं कितवं हे?”

“बारावं.”

“त्याला माहीत आहे?”

“नाही.”

“नको सांगूस. पट्ट्या मोजतो तशी पानं मोजत बसेल.” मग पांघरूण चाचपत त्यांनी विचारलं, “ती गेल्यावर त्या घरातल्या म्हातारीचं कोण बघतं?”

“पुस्तकात म्हातारी नाहीये, आई.”

“हो ना. म्हणून जाऊ शकली.” त्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. “तरी कालचंच बरं होतं.”

साडेपाचला सुनेनं ॲप उघडलं. कालचं पान टॅबवर होतं, ते परत चढवायला एक मिनिट पुरलं असतं. दुरुस्तीच्या बटणावर बोट नेऊन ती बसून राहिली. तिला पुन्हा पुन्हा तो एक ताराच दिसत होता, आणि तो देणारी बाई. तिचं काय चुकलं होतं? दिवसभर उभं राहून घरी आलेल्या बाईनं विकत घ्यायचं ते हेच. सहा वाजले तेव्हा बटण करडं झालं.

पुस्तक जोरात चाललं. ‘शेवट वाचून रडू आलं, किती गोड,’ असं बायका लिहीत होत्या.

टॅबवर ते आधीचं पान अजून आहे. त्याला मुखपृष्ठ नाही, वाचक एकच. आठवड्यातून एखाद्या दुपारी सासूबाई म्हणतात, “कालचं वाच गं.” सून त्यांचे पाय मांडीवर घेते, तेल लावता लावता वाचते. बस सुटते. सासूबाई भिंतीकडे तोंड करून तिच्याकडे बघत राहतात. मग ती उठते, धुतलेली भांडी पालथी घालते, ओटा पुसते. किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला असते.