थेरनपेक्षा दोन इंच उंच

"स्प्रिंगचे पाटे मेलेत, व्हर्ल," जीपखालून ग्लेंडाचा आवाज आला. "डावीकडचा तर मधोमध तुटलाय. नवे पाटे घालते, नवे रबरी बुश, चार शॉकअब्सॉर्बर. गुरुवारी गाडी घेऊन जा. पुढची दहा वर्षं बघायला नको."

"आणि थेरनच्या गाडीला बसवलंस तसं?"

ग्लेंडा सरपटत बाहेर आली. गावातल्या प्रत्येक जीपचं पोट तिने खालून पाहिलेलं होतं, आणि पुष्कळशा माणसांचंही. "पाटे काढून कॉइल स्प्रिंगा? खालचं निम्मं कापावं लागेल. तुला कशाला हवंय ते?"



तीस वर्षं व्हर्लने काउंटीचे मातीचे रस्ते घासून सपाट केले होते. युटाच्या त्या लाल खडकांमधली एकही वाट त्याला नवी नव्हती, आणि सुट्टीच्या दिवशी त्या सगळ्या वाटांवर बायको नेड्रा त्याच्या शेजारी बसून हिंडली होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली. मग या जीपचे धक्के तिला सोसेनात आणि ती घरी राहू लागली.

गेल्या महिन्यात समोरच्या घरातला थेरन तिला म्हणाला, "माझ्या गाडीत चल. पाळण्यासारखी चालते." थेरन विधुर, जन्माचा मित्र. त्याची बहीणही बरोबर होती. व्हर्लची त्या दिवशी पाटाच्या पाण्याची पाळी होती, म्हणून तो गेला नाही. संध्याकाळी नेड्रा परतली ती उन्हाने लाल झालेले गाल घेऊन, हसत. "सरबताचा थेंब सांडला नाही रे!" जेवताना तेच पुन्हा. झोपताना पुन्हा. इतकी हसताना व्हर्लने तिला दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

"थेरनची गाडी किती उचललीस?" त्याने ग्लेंडाला विचारलं.

"चार इंच."

"माझी सहा उचल."

"अरे, नेड्राला मऊ गाडी हवीय की उंच? चांगले पाटे घातले तरी तिला पुष्कळ फरक पडेल."

"सहा."

"बरं बाबा," ग्लेंडा हात पुसत म्हणाली. "गाडी तुझी, हौस तुझी."

तीन आठवड्यांनी जीप घरी आली. व्हर्ल थेरनच्या दारावरून दोनदा गेला, दुसऱ्यांदा जरा हळू.

"बापरे!" थेरन कुंपणावरून ओरडला. "जपून, ढग लागतील डोक्याला!"

व्हर्लचा तो सगळा दिवस फार छान गेला.

शनिवारी कड्यावर निवडुंग फुलल्याची बातमी आली. नेड्रा टोपी घालून, जेवणाची पिशवी घेऊन बाहेर आली. व्हर्लने दार उघडलं. बसायची जागा तिच्या छातीशी येत होती. तिने डावा पाय उचलला. तो गुडघ्याच्या वर जाईना. उजवा उचलून पाहिला, तशी कळ आली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"थांब, मी उचलतो."

"मी काय पिठाचं पोतं आहे?"

समोर थेरन आपल्या गाडीत पाण्याचे कॅन चढवत होता. त्याने एकदा पाहिलं आणि लगेच खाली वाकून उगाच टायर तपासू लागला. ते न पाहणं व्हर्लला फार झोंबलं.

"डॉक्टर जूनमध्ये पुन्हा पाठ कापायचं म्हणतायत," नेड्रा हळू आवाजात म्हणाली. "यंदाची फुलं मला बघायचीत, व्हर्ल. कुणाच्याही गाडीतून."

व्हर्लने जीपचं दार लावलं. मग रस्ता ओलांडून गेला.

"थेरन, नेड्राला घेशील? मी मागून येतो."

"घेतो की," थेरन म्हणाला. त्याच्या गाडीला दाराखाली पाय ठेवायची पट्टी होती, तिच्यावरून नेड्रा चढली.

सगळी वाट व्हर्ल त्यांची धूळ खात गेला. धुळीतून नेड्राची टोपी दिसे, मध्येच थेरनकडे वळे. काय बोलत असतील एवढं?

कड्याच्या अलीकडे खडकाच्या चार पायऱ्या लागतात. तिथे थेरन थांबला आणि उतरून मागे आला.

"तुझी राहू दे इथेच. माझी तू वर घे, मी चालत येतो."

"का?"

"मला जमत नाही ही चढण. मागच्या वेळी इथूनच परत फिरलो आम्ही. नेड्रा बोलली नाही?"

ती बोलली नव्हती. व्हर्ल थेरनच्या जागी जाऊन बसला. नेड्राने त्याच्याकडे पाहिलं.

पहिली पायरी. चाकं एकेक करून चढली, वरचा सांगाडा जेमतेम डुलला. गाडी खरोखरच चांगली होती.

"स्टेअरिंग फारच हलकं आहे," व्हर्ल म्हणाला.

"हं," नेड्रा म्हणाली.

तिसरी पायरी सगळ्यांत वाईट. इतकी वर्षं त्या पायरीवर नेड्रा दोन्ही हातांनी त्याचा दंड घट्ट धरायची. नखांचे वळ संध्याकाळपर्यंत राहायचे आणि तो लटकं रागवायचा. आज त्या पायरीशी त्याने वेग अगदी कमी केला आणि उजवं कोपर जरासं तिच्या बाजूला सरकवून ठेवलं.

गाडी अलगद वर आली. नेड्रा बाहेर फुलं कुठे दिसतात ते पाहत होती. टोपी काढून तिने मांडीवर घेतली होती आणि तिचे दोन्ही हात त्या टोपीवर शांत पडले होते.