भीमनगरातली मुकी वरात

ही गोष्ट दोन हजार अठरा सालच्या मे महिन्यातली. करोनाचं नाव तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं आणि लग्नाला किती माणसं आणायची हे विचारणारं कुणी नव्हतं. त्यामुळे निलंग्याजवळच्या कोरेवाडीत सरजाबाईंच्या नातीच्या लग्नाला नायगावहून तीन टेम्पो भरून वऱ्हाड आलं, यात नवल काहीच नव्हतं. नवल एवढंच, की त्या वऱ्हाडाला वाजवायची बंदी होती आणि ती घालणारी होती नवरीची सख्खी आजी.

सरजाबाईंना जमिनीतलं तेल हवं होतं. तेल नाही तर निदान गॅस.

हे वेड एका दिवसात लागलेलं नव्हतं. तरणेपणी त्यांनी रेशनच्या दुकानापुढे रॉकेलच्या रांगा लावल्या होत्या. रांगेत डबा ठेवला तर चोरीला जाई, म्हणून बायका आपापल्या नावाचा दगड ठेवून घरी भाकऱ्या टाकून येत. पुढे शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवताना चुलीच्या धुरानं डोळे गेल्यातच जमा होते. उतारवयात सिलेंडर आला, पण तो निलंग्याहून यायचा म्हणजे जावई यायचा तसा, आज येतो म्हणून चार दिवसांनी.

अशातच निलंग्याच्या बाजारात त्यांना माधवराव दिसले. लातूरचे निवृत्त भूगोल शिक्षक. एका खुर्चीवर उभे राहून ते सांगत होते, "बंधूंनो, देशाला लागणारं बहुतेक तेल आपण बाहेरून आणतो. आपल्या काळ्या पत्थराखाली काय आहे, हे आपण नीट पाहिलेलंच नाही! आपलं तेल, आपला गॅस, हीच आमची मागणी!"

बंधू भजी खात होते. सरजाबाईंना राहवलं नाही. त्यांनी पुढे होऊन गुरुजींच्या हातातला माईक घेतला. "आवं, शेखाच्या चुलीवर किती दिस भाकरी थापायच्या? तिकडं त्येंची भांडणं लागली की हिकडं माझा तवा थंड! आपल्या घरात काय हाय ते आधी कोनाडं हुडकून बघा की!"

भजी खाणारे थांबले. टाळ्या पडल्या. तेव्हापासून ही जोडी जमली. माधवरावांनी मुद्दे काढायचे आणि सरजाबाईंनी ते लोकांच्या गळी उतरवायचे. बिलोलीच्या सभेत एक शेतकरी उठून म्हणाला, "मावशी, बोअरचं पाणी नासलं म्हंजी?"

"नासू देऊ नगा. डोळ्यात तेल घालून राखन करा. सवाल तुमचा खराच हाय," सरजाबाई म्हणाल्या. "पन भाकर जळल म्हून तवाच चढवायचा न्हाई, असं कुठं असतंय का?"

दोन वर्षं निवेदनं देऊन झाल्यावर खरंच तेल शोधणाऱ्या सर्वेच्या गाड्या आल्या. आधी त्या दूरच्या शिवारातून जाणार होत्या. या दोघांनी हेलपाटे घालून त्यांची वाट कोरेवाडीकडे वळवून घेतली. गावाच्या कडेनं, सरजाबाई राहायच्या त्या भीमनगरच्या अगदी मागून लांबच लांब तार पसरली आणि तिला जागोजागी जमिनीत रोवलेले खिळे जोडले. श्रीनाथ नावाचा तरुण साहेब सगळ्यांना समजावत होता. "आजी, हे जमिनीचे कान आहेत. आम्ही खोल भोकात छोटा बार उडवतो. त्याचा हादरा खाली जाऊन परत येतो, तो हे कान ऐकतात. त्या वेळी बाकी काही हलता कामा नये. ट्रॅक्टर नको, गिरणी नको, डीजे तर नकोच."

"कवा हाय ह्ये?"

"रविवारी. दुपारी."

रविवारी दुपारी धम्मप्रियाचं लग्न होतं.

"सायब, सोमवारी करा की."

"सोमवारी आमचं सगळं सामान पुढच्या जिल्ह्यात जाणार. इथली नोंद बिघडली तर हा पट्टा कोराच राहील. मग पुन्हा इकडे कोण येणार?"

सरजाबाईंना रात्रभर झोप नाही. दोन वर्षं ज्यासाठी घसा कोरडा केला, ते त्यांच्याच मांडवापायी बुडणार होतं. सकाळी त्यांनी नातीला सांगितलं. धम्मप्रिया लातूरच्या दवाखान्यात नर्स होती. ती म्हणाली, "आजी, डीजेविना माझं लग्न लागतंय. पण केरबामामाचं काय करणार?"

केरबामामा म्हणजे नवऱ्या मुलाचे, आनंदराजचे मामा. नांदेडहून डीजे त्यांनीच ठरवला होता. बंदी ऐकून ते टेम्पोतून खाली उतरेनात.

"विहीणबाई, ही वरात हाय का मयत? गुमान न्यायची?"

"मामा, देशाचं काम हाय."

"मग देशाला सांगा सोमवारी लगीन लाव म्हून!"

शेवटी आनंदराजच मध्ये पडला. "मामा, डीजे राहू द्या. आम्ही मोबाईल कानाला लावून नाचतो. आवाज आमच्या आमच्यात."

सरजाबाईंना हे एकदम पटलं. आवाज नाही म्हणजे भानगड नाही! गिरणी बंद झाली. विहारात भन्तेजींनी वंदना हळू आवाजात घेतली आणि 'साधु साधु साधु' सगळे कुजबुजत म्हणाले. माधवराव तोंडावर बोट ठेवून गल्लोगल्ली फिरत होते. कुत्र्यांनासुद्धा ते "शांतता राखा" असं शुद्ध मराठीत बजावत होते.

मंगल परिणय पार पडला आणि वरात निघाली. असली वरात मराठवाड्यानं पाहिली नसेल. शंभरेक पोरं कानात मोबाईलची बोंडं खुपसून तोंडातून अवाक्षर न काढता नाचत होती. कुणाच्या कानात एक गाणं, कुणाच्या दुसरं. म्हाताऱ्या पदर तोंडात कोंबून हसत होत्या.

इतक्यात श्रीनाथ तारेकडून धावत आला. "आजी, बंद करा!"

"काय बंद करू, बाबा? समदं बंदच हाय!"

"खाली काहीतरी हादरतंय. पडद्यावर सारखं वर-खाली चाललंय!"

माधवराव गाडीतल्या पडद्यावर वाकले. "सरजाबाई, उकळतंय! आपल्या पायाखाली तेल उकळतंय!"

सरजाबाईंनी पडद्याकडे पाहिलं. रेघ उडायची, थबकायची, पुन्हा उडायची. मग त्यांनी गल्लीकडे पाहिलं. पोरं उडत होती, थबकत होती, पुन्हा उडत होती.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "ह्ये तेल न्हाई. ह्ये नायगाव हाय."

आवाज बंद केला होता, पाय कुणी बंद केले नव्हते. आणि नाचत्या वऱ्हाडाला कोण थांबवणार? एकच गोष्ट थांबवते, हे सरजाबाईंना ठाऊक होतं. त्यांनी पदर खोचला. "पारूबाई, पत्रावळ्या मांडा! बुंदी काढा!"

पारूबाई त्यांची शेजारीण, वाढपाची मुखत्यार. "अगं, वरात फिरून यायची हाय अजून."

"आधी पंगत, मग वरात. मांड!"

बुंदीचा वास लागताच पोरं ओळीनं बसली. जमीन निवांत झाली. श्रीनाथनं पडद्याकडे पाहून मान डोलावली. पण केरबामामा काही बसेनात. त्यांचा फेटा उतरलेला, तोंड फुगलेलं. डीजेच्या टेम्पोभोवती ते दणादणा पाय आपटत येरझाऱ्या घालत होते. एकटा माणूस, पण अंगानं दोघांएवढा. प्रत्येक पावलाला रेघ उडत होती.

"बसा की, मामा."

"न्हाई बसत. आमचा मान कुठं ऱ्हायला?"

सरजाबाई श्रीनाथकडे वळल्या. "सायब, बार उडवा म्हून सांगतंय कोन?"

"मीच. वॉकीटॉकीवरून."

"आज ते वरमामा सांगतील. आमच्यात मान मामाचा असतोय."

श्रीनाथनं घड्याळ पाहिलं, पंगतीकडे पाहिलं आणि वॉकीटॉकी पुढे केला. केरबामामांना पाटावर बसवलं, फेटा पुन्हा बांधला, पुढ्यात बुंदीचं ताट ठेवलं. पंगतीतले हात वरच्या वर थांबले. मामांनी घसा खाकरला आणि यंत्र तोंडाशी धरून हुकूम सोडला, "हाना!"

दूर रानात धप्प झालं. पत्रावळीवरची बुंदी किंचित हलली. पाठोपाठ आणखी बार झाले आणि प्रत्येकाला मामांनीच परवानगी दिली. पडद्यावर रेघा कशा पाहिजेत तशा उमटल्या. श्रीनाथनं अंगठा वर केला, तेव्हा सरजाबाई कितीतरी वेळानं खाली टेकल्या आणि म्हणाल्या, "आता वाजवा रे!"

डीजे असा वाजला की निलंग्यापर्यंत गेला असेल.

श्रीनाथची पुढे आसामात बदली झाली. तिथं खरोखर तेल निघतं. दिवाळीला तो फोन करतो आणि मामांची चौकशी करतो. केरबामामा नायगावात अजून सांगतात, की सरकारनं जमिनीत बार उडवला तो आपल्या हुकमानं. धम्मप्रिया आणि आनंदराज लातुरात राहतात. त्यांची मुलगी शाळेत जाते आणि डीजेला घाबरते. माधवरावांना कळलं, की पत्थराखाली गाळाचा जाड थर दिसला आहे, ज्यात तेल असू शकतं, पण विहीर खणायचं अजून कुणी ठरवलेलं नाही. ते गुडघ्याला पट्टा बांधून बाजारोबाजार बोलतात, फक्त खुर्चीवर उभं न राहता तिच्यावर बसून.

सरजाबाई पंचाहत्तरीला आल्या. सिलेंडर अजून उशिराच येतो आणि तो येईपर्यंत त्या मोकळ्या टाकीवर पळी वाजवून नवी निवेदनं द्यायला निघतात. कोरेवाडीत मात्र तेव्हापासून आधी पंगत बसते, मग वरात निघते. नवख्या पाहुण्यानं कारण विचारलं तर पारूबाई सांगतात, "आमच्या सरजीला जमिनीचं ऐकायचं असतंय."

"ऐकलंय म्या," सरजाबाई आतून ओरडतात. "आता एकडाव खनून बघा म्हना!"