नाव बदललेलं नाटक

खुटबावात कॉलेजच्या पोरांचं शिबिर आलं आणि गावाच्या समस्या विचारत राजनंदिनी हर्षदाच्या दारी आली. तिनं इतक्या मायेनं विचारलं, की आईलाही न सांगितलेलं हर्षदा तिला सांगून बसली. मामाच्या पोराशी लग्न करायचं नाही, नर्सिंगला नंबर लागलाय, सोमवारी पहाटे केडगावला जाऊन पुण्याची गाडी धरायची. राजनंदिनीनं डोळे पुसले.

शनिवारी देवळापुढं पथनाट्य झालं. नायिकेचं नाव लता ठेवलं होतं, कारण गुप्तता पाळावी असं शिबिराच्या सरांनी शिकवलं होतं. मामाचं पोर, नर्सिंग, सोमवार, केडगाव हे मात्र होतं तसंच होतं, कारण नाटक वास्तव असावं असंही सरांनीच शिकवलं होतं. बायकांत बसलेल्या हर्षदानं ओढणी तोंडावर ओढली. लता गाडीत चढली आणि पहिली टाळी हर्षदाच्या वडिलांनी, बिरदेवआबांनी वाजवली.

"पोरं लई गुणाची हायती, सर," आबा म्हणाले. "गाडीचा वारसुद्धा सांगितला. न्हाईतर आमाला कवा कळायचं?"

सरांना गहिवरून आलं.

रविवारी दुपारी लग्न उरकलं. एवढ्या घाईत वाढपी कुठले मिळणार? शिबिराची पोरं धावली. सरांनी ते श्रमदानात धरलं. नवरीच्या पानाशी राजनंदिनी बुंदी घेऊन वाकली.

"अगं, विचार बदललास? आधी सांगायचं ना, आम्ही शेवट बदलला असता."

आणि तिनं मैत्रिणीला चार मुठी बुंदी जास्तच वाढली.