रंगाच्या पाण्याचा कप

मी कप बोलतोय. कान तुटलाय माझा, पण तोंड शाबूत आहे, तेव्हा ऐका.

भट्टीतून निघालो तो समुद्राजवळच्या या घरात आलो आणि काकांचा झालो. काका निवृत्त शिंपी. सकाळचा चहा माझ्यातच, दुसरा कप चालायचा नाही. एकदा धुताना नळावर आपटलो आणि कान गेला. काका मला टाकायला निघाले, तर काकू म्हणाल्या, "राहू द्या, मला रंगाच्या पाण्याला होईल." जीव वाचला, पण चहाला मुकलो.

काकू बागेतली फुलं जलरंगात रंगवतात. त्यांचे कुंचले माझ्यात आंघोळ करतात आणि लाल, जांभळं, हिरवं सगळं माझ्या पोटात जातं. काका नव्या कपातून चहा पिताना माझ्याकडे बघून उसासा टाकायचे. मलाही वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

काकांच्या पिवळ्या जास्वंदीला खारा वारा मानवत नव्हता. कळ्या यायच्या आणि गळायच्या. गेल्या महिन्यात शेवटी एक फूल उमललं. ते एका दिवसाचं पाहुणं, संध्याकाळी मिटायच्या आत चित्र व्हायलाच हवं होतं. पण वाऱ्यानं फांदी एका जागी राहीना. काकू रडकुंडीला आल्या. तेव्हा चित्रांना 'रिकामा उद्योग' म्हणणारे काका उठले आणि दोन्ही हातांनी फांदी धरून उभे राहिले.

पाकळ्या रंगवून झाल्या. उन्हानं काकांचा घसा सुकला. त्यांनी काकूंच्या टेबलावर ठेवलेला आपला चहा मागितला. काकूंची नजर फुलावर, हाताला लागला तो कप त्यांनी काकांच्या ओठांना लावला. तो मी होतो.

काकांनी चांगला मोठा घोट घेतला. मग असा ठसका लागला की फांदीला हिसका बसला आणि फूल तुटून हातात आलं. काकूंचा चेहरा उतरला. देठ, पानं, सगळं राहिलं होतं.

काकांनी फूल तळहातावर ठेवलं आणि हात टेबलावर टेकवला. "काढ आता. कुणाचा बाप आला तरी हलणार नाही."

काकूंनी वर पाहिलं. काकांच्या पांढऱ्या मिशा पिवळ्याधमक झाल्या होत्या. मग दोघं माझ्याकडे बघून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

आता ते चित्र दिवाणखान्यात आहे. फांदी नाही, सुईनं टोचलेल्या बोटांचा हात आहे आणि त्यावर फूल. हात कुणाचा, असं पाहुण्यांनी विचारलं की काका मिशीतल्या मिशीत हसतात.

काल ते म्हणाले, याला कान चिकटवून आणतो, पुन्हा चहाला घेऊ. काका, एवढं ऐका, नका आणू. चहा पिऊन तुम्ही मला बाजूला ठेवायचात. आता तुम्ही रोज काकूंच्या टेबलापाशी येऊन बसता आणि मी तुमच्या दोघांच्या मधे असतो. मला तिथंच राहू द्या.