घरीच रुसणारी गाडी

सत्तावीस वर्षांची ती गाडी जगात कुठेही चालू व्हायची, फक्त मालकाच्या दारात नाही.

मालक म्हणजे निवृत्त मोजणीदार. उभा जन्म लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलेला, त्यामुळे आपलं काही चुकू शकतं हे त्यांच्या मापात बसत नसे. सकाळी ते चावी फिरवत, गाडी म्हाताऱ्यासारखी खोकत राही आणि बॅटरीचा जीव गेला की गप्प होई. मग दोरी बांधून तिची वरात गॅरेजात जाई. तिथे मुक्कामाला राहिली की दुसऱ्या दिवशी पहिल्याच चावीला अशी सुरू होई, की मोजणीदारांना वाटे, ही आपल्याला ओळखतच नाही.

पहिल्या गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली. कारण त्याच्याकडे बॅटऱ्या होत्या. दुसऱ्याने सगळ्या वायरी बदलल्या. कारण पहिल्याने बॅटरी बदलली होती, आता त्याने वेगळं काहीतरी बदलायला नको का? तिसरा मिस्त्री मात्र विचारवंत होता. त्याने बॉनेट उघडलं, कान इंजिनाला लावला आणि अर्धा तास डोळे मिटून उभा राहिला. घोरण्याचा आवाज आल्यावर मोजणीदारांनी खाकरून विचारलं, "काय म्हणतेय?"

"साहेब, हिला काही झालेलं नाही."

"मग माझ्या दारात चालू का होत नाही?"

"आता तुमच्या घरात काय चालतं, ते आम्हाला कसं कळणार?"

काढलेल्या सुट्या भागांची पोती मोजणीदारांनी जिन्याखाली रचली होती. त्यातून दुसरी गाडी उभी राहिली असती, आणि ती बहुधा चालूही झाली असती.

मोजणीदारीणबाईंना ती दारातून भर गल्लीत तीनदा ढकलत न्यावी लागल्यावर जावयाने तोंड उघडलं. "बाबा, रविवारी सकाळी आठला येतो. माझ्यासमोर एका चावीत चालू झाली तर ठेवा. नाही झाली तर भंगारवाला माझ्याबरोबरच असेल."

मोजणीदारांचा चेहरा पडला. पोरगी पहिल्यांदा शाळेत गेली ती याच गाडीतून, आणि सासरी गेली तीही. त्या गाडीशिवाय घराचं फाटक त्यांना नुसतं उघडायचं आणि लावायचं लोखंड वाटलं असतं.

शनिवारी दुपारी त्यांनी गाडी मिस्त्रीकडून आणली आणि नेहमीसारखी घराकडे तोंड करून लावली. संध्याकाळी बाई पायरीवर येऊन बसल्या.

"अहो, एक बोलू? रागावणार नसाल तर."

"बोल."

"मागच्या मंगळवारी मिस्त्रीचा माणूस गाडी सोडायला आला, तो घाईत होता. त्याने उलटी आत घेतली, तोंड रस्त्याकडे. आठवतंय?"

"आठवतंय ना! मीच नंतर सरळ केली. गाडी लावायची काही रीत असते."

"पण बुधवारी सकाळी ती चालू झाली होती. तुम्ही सरळ केलीत आणि गुरुवारी मेली."

मोजणीदारांनी अंगणाकडे पाहिलं. अंगण त्यांनी स्वतः बांधून घेतलं होतं. पाणी घराकडे येऊ नये म्हणून घराच्या बाजूला उंच, रस्त्याकडे उतरतं. कारागिराने जरा कमी उतार सुचवला, तर त्याला अंगणात उभं करून तासभर निचरा म्हणजे काय ते शिकवलं होतं. अख्ख्या गल्लीला बोलावून, बादली ओतून दाखवली होती.

"नाक वर केल्यावर पेट्रोल रात्रभर मागे टाकीत उतरत असेल," बाई म्हणाल्या. "नळीतला व्हॉल्व्ह म्हातारा झाला असेल. तुमचा उतार जरा जास्तच झालाय."

"माझा उतार?" मोजणीदार ताडकन उठले. "तीस वर्षं मी उतार काढलेत! सरकारने मानलेत!"

"सरकारला कुठे सकाळी गाडी चालू करायची होती?"

'काच पुसतो' असं पुटपुटत मोजणीदार गाडीकडे गेले आणि बाई आत. थोड्या वेळाने गाडी रस्त्यावर जाऊन उलटी आत आल्याचा आवाज आला. बाईंनी खिडकीतून पाहिलं नाही. संसार इतकी वर्षं टिकतो तो अशाच न पाहण्यामुळे.

रविवारी आठच्या ठोक्याला जावई आला, मागे भंगारवाला. मोजणीदारांनी चावी फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली. भंगारवाल्याने निराश होऊन एक हात टपावर फिरवला आणि चालता झाला.

"कमाल आहे!" जावई म्हणाला. "शेवटी बिघाड होता तरी कुठे?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने आकाशाकडे.

"मिस्त्री," मोजणीदार घसा साफ करून म्हणाले, "देवमाणूस आहे. नुसता कान लावून रोग ओळखला त्याने."

जावयाने ही बातमी गावभर केली. आठवड्याभरात मिस्त्रीच्या दारात खोकणाऱ्या गाड्यांची रांग लागली. तो प्रत्येकीला कान लावून डोळे मिटू लागला. कुणी शंका काढलीच, तर साक्षीला मोजणीदारांना बोलावणं येई. मग ते तिथल्या मोडक्या खुर्चीवर बसत आणि आपली गाडी कशी बरी झाली याची मिस्त्रीने रचलेली, रोज थोडी थोडी वाढत जाणारी हकिकत मान डोलावत ऐकून घेत.