अडतिसावी ओळ

"काका, ह्या 'जुना'च्या आत अजून एक 'जुना' हाय," मनतशा म्हणाली. "त्याच्यात बी अजून एक."

"हाव. शेवटपर्यंत जा," आनंदराज म्हणाले.

लातूरचा तो कोचिंग क्लास दोन खोल्यांचा होता तेव्हापासून आनंदराज तिथं कॉम्प्युटर ऑपरेटर होते. मनतशा नांदेडहून आलेली इंजिनिअर. जुनी मशीन काढून नवी बसवायचं काम या वेळी तिच्याकडं होतं. आजवर ते आनंदराजच करत आले होते. नवी विंडोज आली की रविवारी डबा घेऊन यायचं, मशीनमधलं सगळं 'जुना' नावाच्या फोल्डरमध्ये भरायचं आणि तो फोल्डर नव्यात ठेवायचा.

पंच्याण्णववालीच्या वेळी फ्लॉप्या बदलून बदलून बोटं दुखली होती. अठ्ठ्याण्णववाली मनात येईल तेव्हा निळी पडायची. एक्सपीची हिरवी टेकडी बघून पालक विचारायचे, हा कुठला डोंगर? आनंदराज बेधडक सांगायचे, किनवटचा. आठमध्ये स्टार्टचं बटणच गायब झालं आणि क्लास चालवणारे सर दिवसभर आनंदराजांवर उखडले. लग्न झालं नाही, भाऊबंद उरले नाहीत; दुसऱ्यांच्या घरी सणवार येतात, तशा आनंदराजांकडं विंडोज आल्या.

शेवटच्या 'जुना'त एकच फाईल निघाली.

"चौऱ्याण्णवची? माझ्या जन्माआधीची हाय ही," मनतशा म्हणाली. "पण काका, सरांनी तीनच वर्षांचं घ्या म्हणलंय. बाकी पुसायचंय."

पेपर फुटायच्या धास्तीनं सरांनी पेनड्राइव्हची भोकं कधीच बुजवली होती. म्हणजे फाईल घरी न्यायचीही सोय नव्हती.

"पुढच्या महिन्यात मी रिटायर होऊन राहिलो," आनंदराज म्हणाले. "आजवर इथं कुणाला काई मागितलं न्हाई. एवढी घे, बेटा."

"काय हाय त्याच्यात?"

"आमचं गाव."

त्र्याण्णवच्या भूकंपात औशाकडचं त्यांचं गाव बसलं, तेव्हा ते लातुरात खोली करून टायपिंग शिकत होते, म्हणून वाचले. पुढं भूकंपाच्या कामासाठी उघडलेल्या एका कचेरीत रोजंदारीवर लागले. काळ्या पडद्यावर गावोगावच्या मेलेल्यांच्या याद्या टाइप करायच्या. एक दिवस स्वतःच्याच गावाचा कागद समोर आला. सदतीस नावं त्यांनी टाइप केली. अडतिसावं आईचं होतं. ती ओळ रिकामी सोडून ते पुढं गेले. कचेरीतल्या साहेबांनी छापील यादीत ते नाव पेनानं लिहिलं. काम संपलं, तेव्हा त्या यादीची फ्लॉपी आनंदराजांच्या खिशात राहिली आणि पुढं तिच्यातली फाईल क्लासच्या पहिल्या मशीनमध्ये गेली.

नव्या मशीनवर फाईल नीट आली का, हे बघायला ते दर वेळी ती उघडत. रिकाम्या ओळीत आईचं नाव टाइप करत आणि बंद करत. मशीन विचारायचं, बदल ठेवायचा का? ते 'नाही' दाबायचे. ओळ पुन्हा रिकामी व्हायची. त्यांना बरं वाटायचं. पडदे बदलले, रंग बदलले, प्रश्न तोच राहिला आणि उत्तरही.

मनतशानं फाईल नव्या मशीनवर घेतली आणि खुर्ची सोडली. "बघा, उघडते का."

उघडली. सदतीस, मग मोकळी जागा. आनंदराजांनी सवयीनं टाइप केलं, सरजाबाई ग्यानोबा. फुली दाबली आणि 'नाही'साठी बोट तयार ठेवलं.

खिडकी नुसती मिटली.

"हे विचारत न्हाई का?"

"काय?"

"ठेवायचं का म्हणून."

"आता न्हाई विचारत, काका. आपोआप ठेवतं. बरं हाय की, काई जात न्हाई."

त्यांनी फाईल पुन्हा उघडली. अडतिसाव्या ओळीत आई होती. तिच्याखाली शेजारच्या पार्वतीबाई, त्यांच्याखाली चक्कीवाले गुंडप्पा. सगळी गल्ली एका पानावर होती आणि आनंदराज एकटे बाहेर बसले होते.

त्यांचा चेहरा बघून मनतशा हळूच म्हणाली, "चुकून आलं का काई? पुसून देऊ?"

आनंदराजांनी माऊसवरचा हात काढून घेतला.

"राहू दे. तिची माणसं हायत तिथं."

मग खाली वाकून जुन्या मशीनची वायर त्यांनी स्वतःच काढली, नीट गुंडाळली आणि मनतशाच्या हातात दिली.